वाद्यांची संख्या नव्हे, वजनाची जागा

देशोदेशींच्या लोकपरंपरा एकत्र आणून केवळ विद्युतविरहित वाद्यांवर वादन करणाऱ्या समूहांचे वेगळेपण वाद्यांच्या विविधतेत असते, हे अशा समूहांवरील लेखातील मत मला अपुरे वाटते. खरी कसोटी ताल आणि स्वरमेळ यांची आहे. बल्गेरियातील रुचेनित्सा या नृत्याचा ७ मात्रांचा ठेका २-२-३ असा विभागला जातो, तर हिंदुस्थानी रूपक तालात तोच हिशेब ३-२-२ असा येतो; त्यामुळे मात्रा तेवढ्याच असूनही वजन (म्हणजे ठेक्यातला जोर) निराळ्या जागी पडते आणि एका वादकाने दुसऱ्याचे वजन ओळखले नाही, तर दोघेही अचूक वाजवत असताना संगीत मात्र अडखळत राहते. स्वरमेळाचेही तसेच: बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य १९६०च्या दशकात आयरिश संगीतात आले, तेव्हा वादकांनी त्याच्या तारांची जुळणीच बदलली. बॅगपाइप या पिशवीतल्या हवेवर वाजणाऱ्या वाद्याचा प्रश्न आणखी अवघड (आणि थोडा गमतीचाही) आहे: त्याचा आवाज हवा तसा हळू करता येत नाही, शिवाय त्याचा आधारस्वर अखंड चालू असतो, त्यामुळे इतरांना त्याच्याच पट्टीत यावे लागते. ध्वनिवर्धकाविना हा तोल कसा साधला जातो, यावर लेखकाने दोन ओळी तरी लिहायला हव्या होत्या.