‘सगळे कुलकर्णी एकाच रक्ताचे’: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

कुलकर्णी आडनावावरचा एक मजकूर गेली काही वर्षं नात्यागोत्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो. कुलकर्णी म्हणजे ‘कुळातला कर्ण’, एका दानशूर पूर्वजावरून पडलेलं नाव. हे आडनाव हजारो वर्षं जुनं. जगातले सगळे कुलकर्णी त्या एकाच पुरुषाचे वंशज. सगळे देशस्थ ब्राह्मण आणि सगळे मूळ मराठी. पुढे इंग्रजांनी डूख धरून त्यांची वतनं, म्हणजे वंशपरंपरेने चालणारे हुद्दे आणि त्यांचे हक्क, बुडवली. शेवटी ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’.

हा मजकूर निरुपद्रवी आहे असं मला वाटत नाही, कारण लोक त्यावरून निर्णय घेतात. ‘दोघंही कुलकर्णी, म्हणजे भाऊबहीणच की’ एवढ्यावर चांगली स्थळं गोत्र न विचारता परत जातात. दुसऱ्या टोकाला, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा कुलकर्ण्याने काय केलं याचा जाब आज त्या आडनावाच्या शाळकरी पोराला विचारला जातो. अभिमान बाळगणारे आणि शिव्या देणारे, दोघांचीही समजूत एकच: आडनाव म्हणजे रक्त. कुलकर्णी हे हुद्द्याचं नाव आहे. एवढं पक्कं धरलं की मजकुरातला एकेक दावा गळून पडतो.

आधी तो कर्ण. ही फोड कानाला गोड लागते, पण नाडकर्णी या आडनावापाशी येऊन अडते. नाड म्हणजे गावांचा समूह, आजच्या तालुक्यासारखा मुलूख. त्याचा हिशेब ठेवणारा नाडकर्णी. तिथे दानशूर पूर्वज कुठून आणायचा? ‘करण’ हा शब्द लेखन, दफ्तर, हिशेब या अर्थाने दक्षिणेत शतकानुशतकं रुळलेला होता. देवगिरीच्या यादवांकडे 13व्या शतकात हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, ‘श्रीकरणाधिप’ होता, राज्याच्या दफ्तराचा मुख्य. आंध्रात गावचा हिशेबनीस तो करणम. ओडिशात लेखनिकांची जातच करण. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंमधलं कर्णिक आडनाव त्याच वळणाचं. आणि महसुलाच्या भाषेत कुळ म्हणजे जमीन कसून सारा भरणारा. आपण आजही कुळकायदा म्हणतो, त्यातलं कुळ. जुन्या कागदांत ‘कुळकर्णी’ असं ळकाराचं रूप सर्रास दिसतं. कुळवार हिशेब ठेवणारा तो कुळकर्णी. त्या वतनाचं नावच मुळी ‘कुलकर्ण’ होतं: ‘मौजे अमुकचे कुलकर्ण’ अमक्याकडे आहे, असं कागद म्हणतो. हुद्द्याला स्वतंत्र नाव असताना माणसाचं नाव पौराणिक पुरुषावरून आलं, हे धरायला आधार कुठला?

त्याचं काम काय होतं हे पाहिलं की नावाबद्दल शंकाच उरत नाही. कुणाकडे किती बिघे जमीन, त्यातली किती पिकाखाली आणि किती पड, कुणाचा सारा आला, कुणाचा थकला, तगाई कुणाला दिली, इनाम कुणाचं, हे सगळं मोडीत, बोरूने, लांबट कागदांवर उतरायचं. कागद कापडी रुमालात बांधून घरच्या फडताळात ठेवायचे. गावचं दफ्तर म्हणजे कुलकर्ण्याच्या घरातले हे रुमाल. गावाला पाटील आणि कुलकर्णी, वर परगण्याला देशमुख आणि देशपांडे, अशी ही जोडी-जोडीची रचना होती. गावात वतनाचा तंटा उभा राहिला की गोत, म्हणजे निवाडा करणारी गावसभा, जमायचं आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, व्हायचा. त्या कागदाच्या तळाशी पाटलाची खूण म्हणून नांगर काढलेला असतो, बलुतेदारांनी आपापली हत्यारं रेखलेली असतात, आणि कुलकर्णी मात्र आपलं नाव अक्षरांत लिहितो. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखावर 1819 साली अहवाल लिहिला, त्यातही गावकारभाराच्या वर्णनात पाटील, कुलकर्णी आणि पाटलाचा मदतनीस चौगुला हेच येतात.

दुसरा दावा ‘हजारो वर्षांचा’. हुद्दा जुना आहे हे खरं. आडनाव म्हणून ते पक्कं व्हायला मात्र फार उशीर लागला. याचा सगळ्यात चांगला पुरावा समर्थ रामदासांच्या घरातच आहे. त्यांचे वडील सूर्याजीपंत जांबचे कुलकर्णी होते, आणि घराण्याचं आडनाव होतं ठोसर. म्हणजे एकाच माणसाचं आडनाव ठोसर आणि काम कुलकर्ण्याचं, आणि तेव्हा कुणाचाच यात गोंधळ होत नव्हता. ज्ञानेश्वरांचं घराणं आपेगावचं कुलकर्णी होतं असं परंपरा सांगते, तेही याच अर्थाने. नाना फडणवीसांचं नाव बाळाजी जनार्दन भानू; फडणविशी हा त्यांचा हुद्दा. पेशव्यांचं आडनाव भट. माणसाची ओळख त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि वतन यांवरून व्हायची. 19व्या शतकात सरकारी शाळेचा पट, कोर्टाचे कागद, नोकरीची नोंद अशा रकान्यांत प्रत्येकाला एक कायमचं आडनाव लिहावं लागलं, तेव्हा कुणी मूळ आडनाव लिहिलं, कुणी गावाला ‘कर’ लावला, आणि हजारो घरांनी आपलं वतनच लिहिलं. काही घरांत हे एकाच पिढीत दोन तऱ्हांनी झालं. थोरल्याच्या वाट्याला कुलकर्ण, धाकट्याच्या वाट्याला जोशीपण. पुढे एका भावाचे नातू कुलकर्णी आणि दुसऱ्याचे जोशी. ‘कुलकर्ण व ज्योतिष’ ही दोन वतनं एकाच घरात असणं ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हती. तेव्हा रक्त शोधायचं तर तो कुलकर्णी आपल्या शेजारच्या कुलकर्ण्यापेक्षा त्या जोश्याला जवळचा.

याच्यातच तिसऱ्या दाव्याचं, एका मूळ पुरुषाचं, उत्तर आहे, पण तो दावा सगळ्यात जास्त पसरलेला असल्यामुळे त्यावर थोडं थांबतो. महाराष्ट्रात आज 40 हजारांवर गावं आहेत, उत्तर कर्नाटकातली वेगळी. देशावर गावोगाव कुलकर्णी होता. कुठे एकाच घराकडे चार-पाच गावांचं कुलकर्ण, कुठे एकाच गावात ते दोन-तीन घरांत वाटलेलं. ही घरं एकमेकांच्या नात्यातली असण्याचं कारणच नव्हतं. वतन ही मालमत्ता होती. ते गहाण पडायचं, निम्मं विकलं जायचं, मुलगा नसला तर दत्तकाकडे जायचं. विकत घेणारा वेगळ्या घराण्याचा असला तरी त्या दिवसापासून त्या गावचा कुलकर्णी तोच. राजवटी बदलल्या तरी वतनं बहुधा तशीच चालत. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुलाचे हिशेब फारसीऐवजी इथल्या भाषेत ठेवायला लावले, त्याने या लिहिणाऱ्या घरांचं बस्तान आणखी पक्कं झालं. निजामशाही, आदिलशाही, मुघल, स्वराज्य, पेशवाई: वसुली कुणासाठीही असो, खातेवही त्याच घरात.

याचा पडताळा कुणालाही घरबसल्या घेता येतो. पाच कुलकर्णी घरांना गोत्र विचारा. भारद्वाज, काश्यप, वसिष्ठ, आत्रेय, जमदग्नी अशी वेगवेगळी उत्तरं येतील. कुलदैवत विचारा: कुणाची तुळजापूरची भवानी, कुणाची कोल्हापूरची अंबाबाई, कुणाचा जेजुरीचा खंडोबा, कुणाचा तिरुपतीचा बालाजी. कुणी ऋग्वेदी, कुणी यजुर्वेदी. कुणी स्मार्त, कुणी माध्व. एका पुरुषाच्या वंशात इतकी गोत्रं निघत नाहीत. माहेर कुलकर्णी आणि सासरही कुलकर्णी अशा किती तरी बायका आपल्या ओळखीत असतात, त्यांची लग्नं जुन्या, कडक रिवाजाच्या घरांतही बिनदिक्कत झाली, कारण आजी-आजोबांना हे ठाऊक होतं. विसरलो ते आपण.

‘सगळे देशस्थ’ या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. देशावर हिशेबाची वतनं बहुतांशी देशस्थांकडे होती, त्यामुळे कुलकर्ण्यांमध्ये देशस्थ सर्वाधिक. पण ‘सर्वाधिक’ आणि ‘सगळे’ यांत फार अंतर आहे. कऱ्हाडे कुलकर्णी आहेत, सारस्वत आहेत, कायस्थ प्रभू आहेत. धारवाड-बेळगावकडे लिंगायत कुलकर्णी आहेत. गोव्यात गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या, कागदपत्रांचं काम बघणारा तो कुळकर्णीच. वतनांच्या बाकीच्या आडनावांचंही तेच. बाजीप्रभू देशपांडे कायस्थ प्रभू होते. हिरडस मावळचं देशकुलकर्ण, म्हणजे अनेक गावांच्या मुलखाचं कुलकर्ण, त्यांच्याकडे. पेशव्यांचं भट घराणं आधी श्रीवर्धनचं देशमुख, म्हणजे ब्राह्मण देशमुख. पाटील तर मराठा, लिंगायत, जैन, आगरी, कोळी, मुसलमान, सगळ्यांत आहेत. आडनाव ऐकून जात ओळखल्याच्या थाटात बोलणाऱ्यांनी निदान पाटलांची ही यादी डोळ्यांपुढे ठेवावी. आणि आडनावावरून जात खरीच ओळखता आली असती, तरी त्यावरून माणसाशी वागायचं कसं हे ठरवणं चूकच.

मराठीपणाचा दावा तर नकाशावरच सुटतो. विजयपुरा, बागलकोट, बेळगावी, धारवाड, कलबुर्गी या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या कन्नड बोलणारी कुलकर्णी घरं आहेत. हा मुलूख 1956 पर्यंत मुंबई किंवा हैदराबाद राज्यात होता आणि तिथे हुद्द्याला हाच शब्द चालायचा. खाली जुन्या म्हैसूर राज्यात गेलं की तोच माणूस शानभोग होतो, आणि तिथे कुलकर्णी हे आडनाव विरळ होत जातं. सुधा मूर्ती माहेरच्या कुलकर्णी, कन्नड घरातल्या. त्यांचे भाऊ श्रीनिवास कुलकर्णी, अमेरिकेत नाव काढलेले खगोलशास्त्रज्ञ, जन्मले कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला आणि वाढले हुबळीला. सीमेच्या दोन्ही बाजूंना पाय असलेलं हे आडनाव आहे, त्याला एकाच भाषेच्या खुंटीला बांधणं म्हणजे कन्नड कुलकर्ण्यांवर अन्याय. पुढे पुणे, मुंबई, बंगळुरू आणि तिथून अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया हा पसारा शिक्षणाचा आणि नोकऱ्यांचा. त्याचा वतनाशी संबंध असलाच तर एवढाच की पिढीजात लिहिता-वाचता येणाऱ्या घरांना नव्या शाळांची दारं लवकर उघडली.

आता इंग्रज. मजकुरातला हा दावा वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. 1874 च्या वतन कायद्याने इंग्रजांनी या वंशपरंपरागत हुद्द्यांना कायद्याची चौकट दिली. कुलकर्ण सरसकट रद्द करण्याचं पहिलं मोठं पाऊल टाकलं ते कोल्हापूरला शाहू महाराजांनी, 1918 साली. कुलकर्ण्यांच्या जागी त्यांनी पगारी तलाठी नेमले आणि त्या जागा सगळ्या जातींना खुल्या केल्या. कुलकर्ण्यांनी विरोध केला, सभा घेतल्या, अर्ज केले; महाराज बधले नाहीत. त्यांचं कारण साधं होतं. ज्या गावात एकाच घराला वाचता येतं, तिथे त्या घराने जे लिहिलं तेच खरं ठरतं. जोतीराव फुल्यांनी त्याआधीच कुलकर्ण्याच्या लेखणीखाली अडाणी शेतकरी कसा नाडला जातो हे तळमळीने लिहून ठेवलं होतं. सगळेच कुलकर्णी लबाड होते असं नाही, पण इतकी सत्ता एका घरात, तीही वारशाने, राहणं वाईटच होतं, आणि अभिमानाचा मजकूर लिहिणाऱ्याने ही बाजू गाळणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

मुंबई राज्यात ही वतनं कायमची संपली ती स्वातंत्र्यानंतर. परगणा व कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा 1950 चा, अंमल 1 मे 1951 पासून. तो आपण निवडून दिलेल्या विधिमंडळाने केला. वतनाच्या जमिनी ठरावीक रक्कम भरून घेऊन बहुतेक जुन्या वतनदारांकडेच राहू दिल्या. एकट्या कुलकर्ण्यांना लक्ष्य केलं म्हणावं, तर महार वतनांसह कनिष्ठ ग्रामवतनं 1958 च्या कायद्याने गेली आणि मुलकी पाटीलकी 1962 च्या. वंशाने मिळणारी सगळीच सरकारी कामं बंद झाली. कुलकर्ण्यांचे रुमाल तलाठ्याच्या सज्जात गेले, आणि त्या तलाठ्याचंही नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे.

ज्यांना आपल्या घराचा खरा माग काढायचा आहे त्यांनी हा मजकूर बाजूला ठेवून चार ठिकाणी बघावं. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘आपण कुठल्या गावचे कुलकर्णी’ आणि ‘त्याआधीचं आडनाव काय’ हे दोन प्रश्न विचारावेत; दुसऱ्याचं उत्तर अनेक घरांत आजही निघतं. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला आपल्या गावाच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असते, तीत कोण पूर्वज कधी येऊन गेला याच्या नोंदी असतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी काळातल्या इनाम कमिशनचे कागद आहेत. कोल्हापूर संस्थानचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात. मोडी येत नसेल तर वाचून देणारे अभ्यासक भेटतात, आणि लिपी मन लावून शिकली तर काही महिन्यांत डोळ्यांखालून जायला लागते. स्थळ बघताना गोत्र आणि मूळ गाव विचारा. आडनाव जुळलं म्हणून नकार कळवू नका.