म्हणे खारफुटी तोडली तरी चिंबोऱ्या वाढतात!

उरणजवळ आत्याच्या जमिनीला लागून तिवरं, म्हणजे खारफुटी, आहेत. ती साफ करायला काही हरकत नाही, हे तिच्या मुलाला एका व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डने पटवलंय. मजकूर असा: चिंबोरी (खाडीतला मोठा खेकडा) पहिल्या पावसात शेतात पिल्लं सोडते, व्हिडिओ बघा, तिला चिखल लागतो, झाडं नाही, आणि मांसाने भरते ती फक्त अमावास्येला.

आधी तो व्हिडिओ. भाताच्या बांधावर खेकडी, पोटाखालचं झाकण उघडं, आत पिल्लांचा गच्च गोळा. अरे बाबा, तो मुठा आहे! गोड्या पाण्यातला. त्याची अंडी आईच्या पोटाखालीच फुटतात आणि थेट इवलाले खेकडेच बाहेर येतात. खाडीतल्या चिंबोरीचं तसं नाही. अंडी धरलेली मादी खाडी सोडून समुद्रात जाते, कारण पिल्लांना सुरुवातीला चांगलं खारं पाणी लागतं. उत्तर ऑस्ट्रेलियात ट्रॉलरना अशा माद्या किनाऱ्यापासून ९५ किलोमीटरपर्यंत मिळाल्यात. त्यांची पिल्लं आधी खेकड्यासारखी दिसतसुद्धा नाहीत. पाण्यात तरंगत, कात टाकत रूप बदलतात, मग किनाऱ्याला लागतात. यात शेत आलं कुठून?

चिखलाचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. बिळं चिखलातच असतात, आणि मोठी चिंबोरी बरीचशी खाडीच्या खोल पाण्यात राहते. पण लहान? हिल या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या मोर्टन उपसागरातलं निरीक्षण मांडलं: लहान चिंबोऱ्या खारफुटीतच राहतात, ओहोटीलाही तिथून हलत नाहीत. मधल्या वयाच्या भरतीबरोबर चरायला येतात आणि पाण्याबरोबरच परततात. ऑस्ट्रेलिया लांब असेल, जात तीच, जी आपल्या खाड्यांत मिळते. तिवरं तोडली की आधी ही बारकी जाणार, मग पुढे फगात (खेकडे धरायच्या सापळ्यात) येणार काय? शिवाय २००५ पासून मुंबई उच्च न्यायालयाची राज्यभर खारफुटीतोडीला बंदी आहे, जमीन खाजगी असली तरी. फॉरवर्डवाल्याने हे बरं गाळलं.

राहिली अमावास्या. उधाणाला चिंबोरी जास्त लागते, पण उधाण पौर्णिमेलाही येतं. भरलेली की पोचट, हे तिने कात कधी टाकली यावर असतं. नुकती टाकलेली असेल तर आत मांस कमी, पाणीच जास्त. पोटाकडून अंगठ्याने दाबलं की कळतं.