हेल्मेट न घालण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पुण्यात हेल्मेट न घालणं म्हणजे निव्वळ आळस, असं समजू नका. त्यालाही साधना लागते. मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९९१ च्या लेखात सविस्तर मांडलंय : माणूस एखादी गोष्ट करायची ठरवतो, ते तीन गोष्टींवर. ती त्याला स्वतःला कशी वाटते, आपल्या लोकांना ती पटेल का, आणि ती आपल्याला जमेल का. ही तीन टोकं सांभाळलीत, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं हेल्मेटसक्तीचं कलम १२९ तुमच्या केसालाही धक्का लावू शकणार नाही.

मत पक्कं हवं. केस गळतात, मान आखडते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही (एरवी ऐकून तुम्ही लगेच बाजू देता, हे जगजाहीर आहे). हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी घटतो, असं कुणी संशोधनाच्या आधारे सांगू लागलं, तर शांतपणे विचारा, "लक्ष्मी रोडला गाडी वीसच्या वर जाते का हो?" रात्री साडेअकराला कर्वे रोडवर तीच गाडी साठने पळवताना हा मुद्दा आठवायचा नाही.

मग येतात लोक. सिग्नलला डावी-उजवीकडे बघा. उघडी डोकी दिसली की बरं वाटतं. मध्येच एखादा हेल्मेटवाला दिसला तर "हिंजवडीचा दिसतोय" म्हणून सोडून द्या. समोरून येणारा अनोळखी माणूस हातवारे करून "पुढे मामा उभेत" सांगेल. शेजाऱ्याला जिन्यात ओळख न देणाऱ्या शहरात एवढी आपुलकी दुसऱ्या कशापायी दिसते? अशा वेळी कोपरात अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर नुसतं ठेवायचं, पट्टा लोंबता. चौक ओलांडला की परत कोपरात.

खरी कसोटी तिसऱ्या गोष्टीची : जमेल का? कारण पुणेकराला जमत नाही, असं काही नसतंच. भारताची फलंदाजी, महापालिकेचं बजेट, दुसऱ्याच्या घरचे मोदक, सगळ्यांत आपला हातखंडा. तोच आत्मविश्वास हनुवटीखाली एक पट्टा अडकवायच्या वेळी गळून पडायला हवा. "मंडईत दोन्ही हातांत पिशव्या, त्यात हे धोंड ठेवू कुठे?" वहिनी तर गाडी स्टँडवरून काढता काढता स्कार्फचे तीन वेढे घेतात, डोळ्यांपुरती फट ठेवून टोक कानामागे खोचतात, वर गॉगल चढवतात, आरसासुद्धा लागत नाही. हेल्मेटचं मात्र "बाई, मला ते नाही जमत."

गाडीबरोबर मिळालेली दोन हेल्मेटं माळ्यावर टाका, वरचं प्लॅस्टिक काढू नका. गाडी विकताना जाहिरातीत लिहिता येईल : एकहाती वापर, हेल्मेटं कोरी.