काळ्या आयपीएचं बारसं कुणी केलं? हिल्सबरोकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार हिल्सबरोकर,

प्रतिक्रिया खणखणीत आहे. खाली चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळंच लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्लॅक आयपीए म्हणजे काळ्या रंगाची 'इंडिया पेल एल', हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) जोर असलेली बिअर. तिचा उगम मी आधीच्या लेखात अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यातला सांगितला, तो हिल्सबरोकरांना साफ अमान्य आहे. त्यांच्या मते ही बिअर ओरेगन-वॉशिंग्टन या वायव्येकडच्या राज्यांची, तिचं खरं नाव 'कॅस्केडियन डार्क एल', आणि श्रेय मात्र पूर्व किनाऱ्याच्या मंडळींनी लाटलं. 'ब्लॅक' आणि 'पेल' (फिकट) एकाच नावात कोंबणं त्यांना हास्यास्पद वाटतं, 'इंडिया'चा तर काडीचाही संबंध नाही. वर, मी लिहिलेल्या पद्धतीने केली तर ती निव्वळ रंग फासलेली आयपीए होते, असा टोला.

आधी व्हरमाँट. बर्लिंग्टनचं 'व्हरमाँट पब अँड ब्रुअरी' 1988 साली सुरू झालं. तिथले ग्रेग नूनन हे नुसते ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारे, नव्हते. आपल्याच जागेत बिअर बनवून तिथेच विकायची परवानगी देणारा कायदा त्या राज्यात व्हावा म्हणून आधी झगडलेले गृहस्थ. नव्वदच्या दशकात त्यांच्या नळावर 'ब्लॅकवॉच आयपीए' आली: काळी, हॉप्स भरपूर, आणि नावात स्पष्ट 'आयपीए'. त्यांच्या हाताखाली शिकलेले जॉन किमिक यांनी पुढे वॉटरबरीला 'द अल्केमिस्ट' काढलं आणि तिथे 'एल हेफे' ही काळी आयपीए केली. स्टोव्हच्या 'द शेड'मध्ये शॉन हिल यांनी 'डार्कसाइड' केली. म्हणजे एकाच्या डोक्यातून निघालेली कल्पना शेजारच्या गावांत पोचली, माणसंही एकमेकांना ओळखणारी. याला मी उगम म्हणतो.

तुमच्या बाजूचे दाखले मला ठाऊक आहेत. ओरेगनमधल्या न्यूपोर्टच्या 'रोग' ब्रुअरीत जॉन मायर, सीमेपलीकडे कॅनडातल्या व्हिक्टोरियात 'फिलिप्स' ब्रुअरी. दोघांच्या काळ्या, हॉप्सदार बिअर 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या. त्यांनी बर्लिंग्टनची नक्कल केली असं मी कुठेही म्हटलेलं नाही. नूनन यांची बिअर त्यांच्या पबाबाहेर फारशी जातच नव्हती, तेव्हा तीन हजार मैलांवरच्या माणसाला तीच गोष्ट स्वतंत्रपणे सुचणं सहज शक्य आहे. पण आधी कोण, एवढाच प्रश्न असेल तर तारखा व्हरमाँटच्या बाजूने आहेत. कॅलिफोर्नियाच्या 'स्टोन' ब्रुअरीने 2007 मध्ये अकराव्या वर्धापनदिनाला काळी आयपीए काढली आणि ही शैली देशभर पोचवली. ती घडवणारे मिच स्टील यांनी पुढे आयपीएचा इतिहास लिहिताना पहिलेपणाचा मान नूनन यांना दिला. स्वतः दावा ठोकायची सोय असलेला माणूस दुसऱ्याचं नाव घेतो, तेव्हा मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

आता नावाची लढाई, आणि इथे ओरेगनच्या पोर्टलंडकरांची मला खरंच गंमत वाटते. 2010 च्या सुरुवातीला तिथे ब्रुअर आणि बिअरलेखक जमले, बाटल्या उघडल्या आणि ही कॅस्केडियन डार्क एल आहे असा हट्ट मांडला. पुढाकार एब्रॅम गोल्डमन-आर्मस्ट्राँग या बिअरलेखकाचा. हट्टात वायव्येचा स्वाभिमान होता हे तुम्हाला मी सांगायला नको. कॅस्केडिया म्हणजे ओरेगन, वॉशिंग्टन आणि ब्रिटिश कोलंबिया मिळून एक मुलूख मानणाऱ्यांचा शब्द. त्यांचा डग्लस फरचं झाड असलेला झेंडाही आहे. अशा नावाला न्यू यॉर्कच्या बारमध्ये कोण उचलून धरणार? त्याच वर्षी 'ब्रुअर्स असोसिएशन' या अमेरिकन ब्रुअरांच्या संघटनेने या बिअरला आपल्या शैलींच्या यादीत जागा दिली, आणि तिथे रुजलं ते 'अमेरिकन-स्टाइल ब्लॅक एल' असं सरकारी छापाचं नाव. ना तुमचं, ना व्हरमाँटचं. गिऱ्हाइकाने मात्र दोन्ही बाजूला सारून ब्लॅक आयपीएच मागितली. कारण उघड आहे: लेबलावर आयपीए ही तीन अक्षरं असली की बिअर खपते.

तरी तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तुम्ही मांडलाच नाहीत, म्हणून मीच मांडतो. गोल्डमन-आर्मस्ट्राँग आणि मंडळींचा युक्तिवाद नुसता भूगोलाचा नव्हता, चवीचा होता. वायव्येकडच्या हॉप्सचा पाइन आणि ग्रेपफ्रूटचा वास भाजक्या माल्टला (मोड आणून वाळवलेल्या धान्याला) भेटला की तिसरंच काहीतरी तयार होतं: थोडं पुदिन्याकडे, थोडं रोजमेरीकडे झुकणारं. हे मी अनुभवलं आहे आणि ते खरं आहे. कॅस्केड ही हॉप्सची जातच मुळी ओरेगनच्या कॉर्व्हॅलिसमधल्या सरकारी संशोधनातून 1972 मध्ये बाहेर पडली, तिचं नाव तुमच्या डोंगररांगेवरून. अमेरिकेतले बहुतेक हॉप्स आजही वॉशिंग्टनमधल्या याकिमा खोऱ्यातून येतात. चवीवर तुमचा हक्क आहे, मान्य. पण हॉप्स पोत्यात भरून कुठेही जातात, आणि ते पिकवणाऱ्याला त्यापासून झालेल्या प्रत्येक बिअरचं नाव ठेवायचा अधिकार मिळत नाही.

'रंग फासलेली आयपीए' हा टोला मला लागला, कारण सगळं कौशल्य तिथेच आहे. साधा काळा माल्ट जास्त घातला की हॉप्सचा कडवटपणा आणि करपटपणा एकमेकांच्या उरावर बसतात, घोट गिळल्यावर जीभ कोरडी पडते. हा करपट तुरटपणा बराचसा दाण्याच्या टरफलातून येतो. म्हणून जर्मनीतल्या बामबर्गची 'वायरमन' कंपनी टरफल काढून मग भाजलेला माल्ट विकते, काराफा स्पेशल. तो एकूण धान्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास घातला तरी रंग पुरेसा चढतो. काही जण भरडलेला काळा माल्ट रात्रभर थंड पाण्यात भिजवतात, गाळतात आणि ते काळं पाणी उकळीच्या शेवटी वर्टमध्ये, म्हणजे आंबवण्याआधीच्या गोड द्रावात, ओततात. काही जण मॅश, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजवण्याचा टप्पा, संपत आल्यावर तो माल्ट वरून पसरतात, म्हणजे गरम पाण्याशी त्याची गाठ थोडाच वेळ पडते. नीट जमलेल्या बिअरचा ग्लास दिव्यासमोर धरलात तर कडेला माणकासारखी लाल झाक दिसते, फेस फिकट तपकिरी. पहिल्या वासात संत्र्याची साल आणि पाइन, कोको मागून, तोही दबकत. कोको पुढे आणि हॉप्स मागे असतील तर ती अमेरिकन स्टाउट, म्हणजे भाजक्या चवीची काळी बिअर, झाली. सीमा पुसट आहे, कबूल, पण आहे. डोळे मिटून प्यायल्यावर रंग ओळखू येऊ नये असं म्हणणारे ब्रुअर भेटतात. मला ते टोक पटत नाही. काहीच कळणार नसेल तर काळी करायची कशाला?

राहिला 'इंडिया'. हॉटेलातल्या 'व्हेज कोल्हापुरी'चा कोल्हापूरशी जेवढा संबंध, तेवढाच आजच्या आयपीएचा भारताशी. पण हा आक्षेप एकट्या काळ्या आयपीएवर का? लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून इकडे यायची, 1820 च्या दशकात बर्टनच्या ऑलसपने त्याच्या धंद्याला सुरुंग लावला, हे खरं. आज कॅलिफोर्नियात बनते ती आयपीए त्या जहाजावर कधी चढली होती? गंमत म्हणजे त्या काळात हिंदुस्थानात पेल एलपेक्षा जास्त खपायची ती काळी पोर्टर. गोऱ्या सैनिकांसाठी ती मोठ्या प्रमाणावर यायची, आणि लांबच्या प्रवासाला टिकावी म्हणून तिच्यात हॉप्सही जास्त असायचे. काळी आणि हॉप्सदार बिअर मुंबई बंदरात उतरत होती ती अशी. ब्लॅक आयपीए तिची पणती आहे असं मात्र म्हणू नका. नूनन पोर्टर करायला बसले नव्हते.

'ब्लॅक पेल' हा विरोधाभास मलाही सुरुवातीला खटकायचा. पण बिअर-परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेने तो 2015 च्या नियमावलीत सरळ निकालात काढला. आयपीएच्या विभागात त्यांनी पूर्ण रूप मुद्दाम लिहिलेलं नाही आणि कारणही दिलं आहे: यातली एकही बिअर इतिहासात भारतात गेली नाही आणि बऱ्याच फिकट रंगाच्याही नाहीत. काळीला तिथे लाल, पांढरी, तपकिरी, रायची अशा आयपीएंच्या रांगेत बसवलं आहे. कडवटपणा 50 ते 90 आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक), मद्यांश साडेपाच ते नऊ टक्के. नाव तिथेही ब्लॅक आयपीएच.

तुम्ही शेवटी विचारलंय की एवढी चांगली बिअर दुकानातून गायब का झाली. त्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, कारण तेही व्हरमाँटचंच आहे. नूनन यांच्याकडून मिळालेलं यीस्ट वापरून त्याच किमिक यांनी 'हेडी टॉपर' केली. 2011 मध्ये ती कॅनमध्ये आली, आणि पुढच्या काही वर्षांत गढूळ, फळांच्या रसासारख्या आयपीएची लाट उठली. त्या लाटेत फडताळावरच्या जागा गेल्या, 'स्टोन'नेही आपली नेहमीची काळी आयपीए बंद केली. तुमच्याकडे हिवाळ्यात अजून एखादा पब सीडीए (कॅस्केडियन डार्क एल) नळावर लावतो असं तुम्हीच लिहिलंय. तिथे गेलात तर बिनधास्त सीडीए म्हणूनच मागा. मीही तेच करीन.