वरचे पैसे कुणाचे?

आईच्या पाटल्या दोनदा गहाण पडलेल्या मी पाहिल्यात. पहिल्यांदा सुटल्या, दुसऱ्यांदा नाही सुटल्या. कर्ज फार नव्हतं हो, पण महिन्याला शेकडा तीन व्याज चढत गेलं, आणि शेवटी सावकाराने पाटल्या विकून त्याचे पैसे वळते केले तेव्हा वर काही उरलं का हे आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही.

म्हणून इटलीतल्या 'मोन्ते दि पिएता'बद्दल वाचताना मी जागची हललेच नाही. मोन्ते म्हणजे रास, पिएता म्हणजे करुणा. १४६२ साली पेरुजा शहरात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंच्या पुढाकाराने असं एक दुकान निघालं. लोकांनी दिलेल्या दानाची रास करायची आणि त्यातून गरिबाला छोटं कर्ज द्यायचं, तारण म्हणून भांडं, कपडा, हत्यार, जे असेल ते. मुदतीत फेडलं तर वस्तू परत, नाही फेडलं तर लिलाव, आणि लिलावात कर्जापेक्षा जास्त आले तर वरचे पैसे ज्याची वस्तू त्याला!

खरं भांडण पेटलं ते व्याजावरून. चर्चच्या लेखी व्याज म्हणजे पाप, त्यामुळे पुष्कळ जण म्हणायचे की दान आहे तर बिनव्याजीच द्या. बर्नार्दिनो दा फेल्त्रे नावाचा साधू मात्र अडून बसला की थोडं व्याज घ्यायलाच पाहिजे, कारकुनाचा पगार आणि जागेचं भाडं राशीतूनच गेलं तर चार वर्षांत रास संपेल, मग पाचव्या वर्षी येणाऱ्या गरिबाने कुठे जायचं? डॉमिनिकन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या कायेतान नावाच्या पंडिताने १४९८ मध्ये या संस्थांविरुद्ध पुस्तकच लिहिलं. शेवटी १५१५ मध्ये चर्चच्या लॅटरन परिषदेत पोप दहावे लिओ यांनी निकाल दिला, फक्त खर्चापुरतं घेतलेलं व्याज हे पाप नाही.

मला बर्नार्दिनोचं हे म्हणणं शंभर टक्के पटतं. फुकट दिलेल्या पैशाखाली माणूस मिंधा होतो, आणि परवडेल असं फेडलं की मान वर राहते.

पण त्याला संत म्हणून डोक्यावर घ्यायला मी तयार नाही. हाच माणूस ज्यू सावकारांविरुद्ध विष ओकायचा. १४७५ ला ट्रेंट शहरात त्याची प्रवचनं झाली आणि त्यानंतर तिथल्या ज्यूंवर एका लहान मुलाच्या खुनाचा खोटा आळ आला, छळ करून माणसं मारली गेली. गरिबाची कणव आणि शेजाऱ्याचा एवढा द्वेष एकाच तोंडातून, हे वाचून पोटात कालवतं.

त्याच परंपरेतली एक संस्था पॅरिसमध्ये आजही चालू आहे, तिथे लिलावातल्या त्या वरच्या पैशाला 'बोनी' म्हणतात आणि कर्जदाराने मागितले की ते मिळतात.

परवा फोनवर आईला हे सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपले पण निघत असतील ना गं काही?"