बाजार काढा, कायदा ठेवा

बेळगावात टिळकवाडीत माझ्या भाच्याच्या टोळक्यात सध्या एका नसलेल्या राज्याच्या कायद्यावरून जुंपली आहे. रविवारी दुपारी चार-पाच जण फासे, नकाशे आणि फरसाणाची पुडी घेऊन बसतात आणि ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या वळणाचा खेळ खेळतात. एक जण ‘डीएम’ होतो, म्हणजे जग रचतो आणि निवाडे देतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात उतरतात. भाचा डीएम आहे. त्याच्या जगात मधून नदी वाहते, दोन्ही काठांवर दोन राज्यं आहेत, आणि दोघंही जिच्यावर हक्क सांगतात अशी एक पट्टी आहे. बेळगावच्या पोराला दुसरं काय सुचणार? तर त्या पट्टीत गुलामगिरी कायदेशीर आहे. चौकात लिलाव, पायांत बेड्या, वहीत प्रत्येकाची किंमत सोन्याच्या मोहरांत.

एका मैत्रिणीनं सांगितलं, हे काढ. आठवडाभर राबून मी खेळायला येते, तिथं माणसांचा लिलाव कशाला बघू? तिनं दाखलेही दिले. ‘पाथफाइंडर’ या अशाच खेळाच्या प्रकाशकांनी २०२१ मध्ये सांगितलं की यापुढं आपल्या साहित्यात गुलामगिरीचा विषय घेणार नाही. २०२२ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टनं ‘हडोझी’ या माकडासारख्या जमातीचा गुलामगिरीतला पूर्वेतिहास मागं घेतला आणि माफी मागितली. दुसऱ्या बाजूचं उत्तर असं, की राहू दे की, खेळच तर आहे. शिवाय ही सगळी गोऱ्यांची भानगड, आपल्याकडं गुलामगिरी नव्हतीच. ड्रॅगनही नव्हते, ते कसे चालतात?

भाच्यानं भांडण माझ्याकडं ढकललं. “मामा, तुम्ही तिथंच राहता की. तुम्हीच सांगा.”

तिथंच म्हणजे ब्रिस्टलला. इथं या विषयापासून पळायला जागा नाही. बंदरावरच्या एका पादचारी पुलाला पेरो जोन्सचं नाव आहे. साखरेच्या मळ्यांचा मालक जॉन पिनी यानं नेव्हिस बेटावरून आणलेला हा गुलाम. पिनीचं घर आज संग्रहालय आहे. एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा लोकांनी जून २०२० मध्ये ओढून याच बंदरात टाकला. तो बाहेर काढून नंतर संग्रहालयात आडवाच ठेवला, अंगावरच्या रंगासकट. पुतळा पाडल्याबद्दल चौघांवर खटला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये ज्युरीनं त्यांना निर्दोष सोडलं.

आधी मैत्रिणीचं. टेबलावर बसणाऱ्या एकाला जरी एखादी गोष्ट नको असेल, तर ती नको. खेळ सुरू करण्याआधी ‘सेशन झीरो’त हे ठरवायचं असतं, आणि त्यावर वाद घालणारा माझ्या लेखी खेळायला बसूच नये. ती बोलली ते लिलावाबद्दल, आणि लिलाव काढून टाकायला माझी काहीच हरकत नाही. तो तसाही उसना आहे. अमेरिकी सिनेमे बघून बेळगावात बसून लिहिलेला. मला ठेवायचा आहे तो कायदा. आणि ‘आपल्याकडं नव्हतीच’ म्हणणाऱ्यांना मला जरा वेळ देऊन उत्तर द्यायचं आहे.

ब्रिटिश संसदेनं १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करणारा कायदा केला. इथल्या शाळांत तो अभिमानानं शिकवतात. त्यात नुकसानभरपाई होती, दोन कोटी पौंड. ती मिळाली मालकांना, कारण त्यांची मालमत्ता गेली होती. गुलामांना मिळाली उमेदवारी: सुटलेल्या शेतमजुरांनी त्याच मालकाकडं आणखी काही वर्षं बिनपगारी राबायचं. ती १८३८ मध्ये संपली. भरपाईसाठी सरकारनं काढलेलं कर्ज पुढच्या कर्जांत मिसळत मिसळत २०१५ मध्ये फिटलं. त्याच्या आधीची काही वर्षं माझा पगार इथंच व्हायचा. शहापूरच्या विणकराच्या नातवाच्या करातलं चिमूटभर का होईना, गुलामांच्या मालकांचे पैसे फेडण्यात गेलं. हे कळलं त्या संध्याकाळी मी पगाराच्या जुन्या चिठ्ठ्या काढून बसलो होतो; बायको म्हणाली, आता परत मागणार आहात काय?

पण त्या कायद्याचं आपल्या कामाचं कलम वेगळंच आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, सिलोन आणि सेंट हेलेना यांना हा कायदा लागू होणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. बेळगावचा किल्ला कंपनीच्या थॉमस मन्रोनं १८१८ मध्येच घेतला होता, म्हणजे आपण त्या सवलतीच्या आत. गुलामगिरी आपल्याकडं नव्हतीच, तर ही सवलत कशासाठी मागितली आणि दिली? कंपनी सरकारनं १८४३ मध्ये गुलामगिरीवर कायदा केला (त्या वर्षीचा पाचवा), तो तरी कुणासाठी? पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या आणि बटकींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. त्या काही ब्रिस्टलच्या जहाजातून आल्या नव्हत्या.

आणि १८४३ चा तो कायदा वाचण्यासारखा आहे. गुलाम ठेवणं हा गुन्हा आहे, असं त्यात म्हटलेलंच नाही. मुख्यतः एवढंच म्हटलं, की माझ्या गुलामावरचा हक्क मला मिळवून द्या म्हणून कुणी कोर्टात आला तर कोर्ट ऐकणार नाही. गुलाम पळाला तर सरकार पकडून देणार नाही. नाही पळाला तर सरकारला देणंघेणं नाही. माणूस गुलाम म्हणून विकणं-घेणं शिक्षापात्र झालं ते १८६० च्या दंडसंहितेनं. मधल्या काळात जी बाई मालकाच्या वाड्यात राहिली तिची स्थिती काय? डीएमला याहून चांगला मालमसाला कुठं मिळणार!

खेळ लिहिणाऱ्यांना हे कधीच सुचलं नाही असंही नाही. २००२ मध्ये आलेल्या ‘मॉरोविंड’ या संगणकावरच्या खेळात साम्राज्यात गुलामगिरीला बंदी आहे, पण मॉरोविंड हा प्रांत तहानं सामील झालेला, आणि तहात त्याचे जुने कायदे राखलेले. म्हणून तिथं मांजरमुखी खजीत आणि सरड्यासारखे आर्गोनियन खुशाल राबवले जातात, आणि सम्राटाचे शिपाई शेजारून चालत जातात. गुलामाच्या मनगटात जादू शोषून घेणारं कडं असतं, किल्ली मिळवून ते उघडता येतं. पळून जाणाऱ्यांना मदत करणारी एक गुप्त संघटनाही आहे. कॉलेजात हा खेळ खेळताना मी किल्ल्याच शोधत बसायचो. आता वाटतं, त्यातली खरी भेदक गोष्ट तो तह होता. तो आणि १८३३ च्या कायद्यातली आपली सवलत सख्खी भावंडं शोभतील.

भाच्याची पट्टी इथं कामाला येते. कायदा कुठं सुरू होतो आणि कुठं थांबतो हे सीमाभागातल्या माणसाइतकं कुणाला ठाऊक असणार? पण आपण हे फक्त भाषेच्या बाबतीत लक्षात ठेवतो. १ नोव्हेंबर १९५६, महाजन अहवाल १९६७, सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा, हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही पाठ. कुठल्या गावचं वतन, म्हणजे पिढीजात गावकाम, कधी सुटलं, हे मात्र विचारून बघा.

१९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तो चंदगड तालुका वगळून. चंदगड मुंबई राज्यातच राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. मुंबई राज्याचा कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा १९५९ मध्ये लागू झाला; महार वतन त्यातच आलं. म्हैसूरनं आपला कायदा १९६१ मध्ये केला आणि लागू केला १९६३ मध्ये. म्हणजे शिनोळीतला वतनदार महार कायद्यानं मोकळा झाला, तेव्हा काही मैलांवरचा बेळगाव तालुक्यातला त्याचा पाहुणा अजून गावकीला बांधलेला होता. तीन वर्षांपूर्वीपर्यंत दोघांचा जिल्हा एकच. वतन म्हणजे गुलामगिरी नव्हे, वतनदाराला कुणी विकत नव्हतं, हे मला मान्य आहे. पण जन्मानं गळ्यात पडलेलं, नाही म्हणता न येणारं, अपरात्री हाक आली तरी उठून करायचं काम भाच्याच्या पट्टीत कुठल्या खान्यात बसवायचं, ते त्यानंच सांगावं.

देवीला सोडलेल्या जोगतिणींचंही तसंच. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९२० मध्ये जोगत्या-मुरळ्या सोडण्यावर बंदी आणली. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर मात्र मुंबई इलाख्यात, तिथं संस्थानचा हुकूम चालत नव्हता. इलाख्याचा देवदासी कायदा आला १९३४ ला, कर्नाटकाचा १९८२ ला. दर खेपेला नवा कायदा करावा लागला, यावरून आधीच्याचं काय झालं ते समजावं. इथं ना लिलाव, ना बेडी. आईबापांनी बोललेला नवस, गळ्यात बांधलेले मणी, आणि पोरीला कुणी काही विचारलेलं नाही. ब्रिस्टलमधल्या माझ्या खेळगड्यांना हे सांगितलं तर त्यांना आधी कळेचना, की मालक कोण? देवी? पुजारी? गावातला पैसेवाला? मालकाचं नाव कागदावर नसेल तर त्यांच्या डोक्यात गुलामगिरी बसत नाही. त्यांचीही एक ‘आमच्याकडं नव्हतीच’ आहे. आम्ही ती बंद केली, असं म्हणताना त्यांची छाती फुगते, पण २०१२ मध्ये याच देशानं परदेशी घरकामगारांचा व्हिसा एकाच मालकाशी बांधून टाकला. मालक मारत असला तरी बदलता येत नव्हता. २०१६ मध्ये बदलायची मुभा मिळाली, व्हिसा मात्र सहा महिन्यांचाच राहिला. मीही कंपनीच्या कागदावर इथं आलो. नोकरी गेली असती तर साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा सामान बांधायचं. त्याला गुलामगिरी म्हणणं निर्लज्जपणा होईल, माझ्या हातात बेळगावचं परतीचं तिकीट होतं. फरक कुठं पडतो ते मात्र तेव्हा नीट दिसलं.

तर भाच्याला मी असं सुचवलं. चौकातला लिलाव पूस. नदीच्या एका काठावर बंदी ठेव, दुसऱ्या काठावर ‘कोर्ट ऐकणार नाही’ एवढाच कायदा ठेव, आणि मधल्या पट्टीत दोन्ही राजांचे अधिकारी एकमेकांकडं बोट दाखवू देत. माणसं बांधली जाऊ देत उचलीनं, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांनी. ऊसतोडीचा हंगाम त्यानं लहानपणापासून पाहिलाय. बीडकडून आलेल्या टोळ्या, बैलगाड्या, फडाशेजारच्या कोप्या. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, उचल दोघांच्या नावावर मिळून, आणि हंगामात फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. वेठबिगारी आपण १९७६ च्या कायद्यानं बंद केली. त्या कायद्यानं वेठीचं कर्जच रद्द केलं, इतकंच काय, रद्द झालेलं कर्ज वसूल करणं हाही गुन्हा ठरवला. कागदावर इतका कडक कायदा इंग्लंडलाही १८३३ मध्ये जमला नव्हता. आता खेळाडूंनी सावकाराची वही जाळली तर जाळू देत. फाशावर वीस आला, वही जळाली. पुढच्या फेरीत डीएमनं विचारावं, या लोकांच्या उद्याच्या भाकरीचं काय? मुक्त झाल्याचा दाखला कोण देणार, अलीकडचा की पलीकडचा?

भाच्याचा फोन आला. मैत्रिणीला लिलाव गेल्याचं पटलं, उचलीचं नाही. तिच्या मते हे जास्तच जवळचं होतंय, आणि त्यावर ती अजून विचार करते आहे. ‘नव्हतीच’वाले दोघे वतनाच्या तारखा ऐकून गप्प झाले, की कंटाळले, ते कळलं नाही. भाच्याला मात्र मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा, हा खलनायक म्हणून आवडलाय. मिशा, चाबूक, सगळं तयार आहे त्याचं. मी म्हटलं, चाबूक काढ आधी. मुकादमानंही कारखान्याकडून उचल घेतलेली असते आणि टोळी पळाली तर ती त्याच्या अंगावर येते. त्याचं कर्ज किती ते लिही.

“मग मारायचं कुणाला, मामा?” म्हणाला. “शेवटी लढाई लागतेच की हो.”