आरएक्सला पल्सरचे शॉकअप बसवलेत त्या एक स्टारवाल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा. तुमचा रिव्ह्यू परवा रात्री पोरानं मोबाईलवर दाखवला, दोनदा वाचला. लगेच उत्तर दिलं नाही कारण रागात टाईप करायचं नाही असं घरातनं सक्त सांगणं आहे मला.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो दादांनी काय लिहिलंय ते. जुन्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलला आमच्या बेळगावच्या गॅरेजात बजाज पल्सर १५०चे गॅसचे शॉकअप, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के झेलणारे स्प्रिंगवाले दांडे, बसवून घेतले, ४२०० रुपये गेले, गाडी मऊ व्हायची सोडून आधीपेक्षा कडक झाली, मागनं कट कट वाजते, चेन ओढल्यागत होते, साईड स्टँडवरनं गाडी पडून इंडिकेटर फुटला, परत आले तर गॅरेजातला पोरगा म्हणाला मिस्त्री (म्हणजे मी) आल्यावर बघू, आणि शेवटी शॉकअप डुप्लिकेट आहेत. सहा तक्रारी. दोन आमच्या चुका आहेत, एक निम्मी आमची निम्मी तुमची, आणि डुप्लिकेटचं मात्र मी मान्य करणार नाही, बॉक्स तुमच्यासमोर फोडलेला, रिकामा बॉक्स आणि जुने शॉकअप दोन्ही पोत्यात घालून तुमच्याच गाडीला बांधून दिलेत, घरी असतील तर बॉक्सवरचा पार्ट नंबर बघा.

आधी कट कटचं बोलतो कारण ते वाचून मलाच लाज वाटली. पल्सरच्या शॉकअपचा खालचा बुश, म्हणजे बोल्ट जातो ती नळी, तुमच्या गाडीच्या बोल्टावर थोडा ढिला बसत होता. अशा वेळी लेथवर स्लीव्ह टर्न करून बुशमध्ये दाबून बसवायची असते, उद्यमबागेत आमचे ठरलेले लेथवाले आहेत, अर्ध्या तासाचं काम. त्या दिवशी मी नव्हतो, गडहिंग्लजला लग्नाला गेलो होतो, आणि पोरगा एकटाच काम करालता, त्यानं काय केलं तर पत्र्याची पट्टी कापून बोल्टाला गुंडाळली आणि वायसर टाकून आवळून दिलं. हे मला तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर त्याला विचारलं तेव्हा कळलं. पत्रा आठ दिवसात चेपतो, मग प्रत्येक खड्ड्याला बुश बोल्टावर आपटतो, तोच आवाज तुम्हाला येतोय. नुसता आवाज असता तर चाललं असतं, पण असंच वापरलं तर बोल्टाला घळ पडते, आणि तो बोल्ट स्विंग आर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणारा जो भाग आपण चिमटा म्हणतो त्याच्यावर आहे. तेव्हा गाडी सध्या सावकाश चालवा आणि लवकर आणा. शंभर टक्के आमची चूक, याचे पैसे लागणार नाहीत.

चेनचं पण आमचंच. तुमच्या गाडीवर आधी कुणीतरी लोकल शॉकअप टाकले होते, ते काढून बाजूला ठेवले तर नव्यापेक्षा बोटभर आखूड निघाले. नवे लांब, म्हणजे चिमटा मागं जास्त खाली लोंबणार. आता चेनचं गणित असं की पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), चिमटा ज्यावर वरखाली हलतो तो पिव्होट बोल्ट आणि मागच्या चाकाचा एक्सल (आस) हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणते, चिमटा त्या रेषेच्या खाली असला की ढिली. पोरानं गाडी सेंटर स्टँडवर घेऊन, चिमटा लोंबत असताना, नेहमीच्या सवयीनं चेन सेट केली. स्टँडवर बरोबर दिसली, पण तुम्ही बसलात की चिमटा रेषेकडं वर येतो आणि चेन तारेसारखी. मागं कोण बसलं तर विचारूच नका. ताणलेली चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगला खाते. अशा बदललेल्या गाडीची चेन गाडीवर दोघं बसवून, तिन्ही एका रेषेत आल्यावर थोडा तरी ढिलेपणा राहतोय का बघून मगच आवळायची, मी पोराला हे दहा वेळा सांगितलंय, आता अकराव्यांदा.

आता कडकपणा. इथं जरा सविस्तर बोलावं लागेल कारण बेळगावात निम्म्या आरएक्सवाल्यांच्या डोक्यात हेच भूत आहे की गॅस म्हणजे मऊ. तसं नाही हो. गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन असतो तो आतल्या तेलाला दाबून ठेवायला. सलग खड्डे लागले की साध्या शॉकअपमध्ये तेल आणि हवा घुसळून फेस होतो, फेसातनं पिस्टन सुळकन जातो आणि गाडी मागनं उड्या मारायला लागते, जांबोटीच्या रस्त्याला पावसाळ्यानंतर जाऊन बघा कळेल. नायट्रोजनच्या दाबानं तो फेस होत नाही. एवढंच त्याचं काम. गाडी मऊ का कडक हे मुख्यतः स्प्रिंग ठरवते, आणि स्प्रिंग ठरते गाडीच्या वजनावर. आरएक्स शंभर-एक किलोची गाडी, पल्सर १५० एकशे चाळीसच्या वर. कंपनीनं ती स्प्रिंग पल्सरसाठी, वर दोन माणसं धरून बनवलीय. ती शंभर किलोच्या गाडीवर, वर ५८ किलोचा एकटा माणूस (वजन तुम्हीच सांगितलेलं, काट्यावर नाही घातलं), मग ती दबणार कशाला?

आणि स्प्रिंगमध्ये फरक डोळ्याला दिसत नाही. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. ७ मिलीमीटरची तार ७.५ झाली, बाकी वेढे-व्यास सगळं तेच, तरी स्प्रिंग जवळजवळ ३२ टक्के कडक होते. अर्धा मिलीमीटर! हाताला पण कळत नाही, मोजायला व्हर्निअर लावावा लागतो.

मी हे तुम्हाला बुकिंगच्या दिवशी सांगितलं होतं, एवढं खोलात नाही पण "एकट्याला कडक लागंल" हे शब्द वापरले होते. तुम्ही म्हणालात मित्राच्या आरएक्सला टाकलेत, मस्त बसतात, मागनं उंच दिसते. तुमचा मित्र मी बघितलाय, नव्वद किलोच्या खाली नसेल, आणि मागं कायम कोणतरी बसलेलं असतं. त्याला मस्तच वाटणार. इथं माझी चूक एवढीच की मी एकदा सांगून गप्प बसलो, गिऱ्हाईक म्हणतंय तर बसवू दे म्हटलं. म्हणून निम्मी आमची निम्मी तुमची म्हटलं.

त्यात अजून एक. शॉकअपच्या खाली पाच खाचा असतात, हूक पान्यानं फिरवतो त्या. तुम्ही चौथ्या खाचेवर ठेवायला सांगितलंत, उंचीसाठी. लोकांना वाटतं खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते. स्प्रिंग तीच राहते, फक्त आधीच दाबून ठेवली जाते, म्हणून गाडी उंच उभी राहते आणि माणूस बसल्यावर खाली बसत नाही. आणि खाली बसायलाच पाहिजे. मागच्या चाकाची हालचाल समजा १०० मिलीमीटर धरली तर तुम्ही बसल्यावर त्यातले पंचवीस-तीस तरी वापरले जायला पाहिजेत, म्हणजे खड्ड्यात चाक खाली उतरायला जागा राहते. तुम्ही परत आलात त्या दिवशी पोरानं टेप धरून एक्सलपासून सीटच्या बोल्टापर्यंत मोजलं होतं, गाडी रिकामी आणि तुम्ही बसल्यावर, फरक आला ९ मिलीमीटर. म्हणजे गाडी बसतच नाही, खड्डा आला की चाक हवेत आणि मग तुमची कंबर. ते ९ त्यानं डायरीत लिहून ठेवलंय, एवढं एक काम नीट केलं त्यानं. आणि "मिस्त्री आल्यावर बघू" हे तुम्हाला टाळायला नव्हतं, मी त्याला सांगून ठेवलंय शॉकअपला माझ्याशिवाय परत हात लावायचा नाही. पण फोन करून सांगायला पाहिजे होतं तेवढं राहिलं.

साईड स्टँडचं उंचीमुळंच. मागनं गाडी वर गेली, स्टँड तेवढाच राहिला, मग गाडी जास्त कलते. कपिलेश्वर पुलाच्या उतारावर लावली होती म्हणालात ना, तिथं तर पडणारच. स्टँडच्या पायाला पट्टी वेल्ड करून देता येते, पण ती आत्ता करू नका, कारण पुढं काय करायचं ते आधी ठरवू.

दोन रस्ते आहेत. पहिला, हेच शॉकअप ठेवायचे, खाच पहिलीवर आणायची, स्लीव्ह नवीन, चेन नीट. फरक पडेल पण खोटं सांगत नाही, पूर्ण मऊ होणार नाही, रस्ता हाताला आणि कमरेला कळत राहणार. दुसरा, आरएक्सच्या मापाचे नवे शॉकअप बसवायचे. गाडी कंपनीनं १९९६ साली बंद केली तरी तिचे पार्ट अजून मिळतात, या भागात तिच्यावर जीव टाकणारी माणसं कमी नाहीत. हे पल्सरचे मी परत घेतो, महिना वापरलेत म्हणून ५०० कापून, आणि दोन्ही वेळची मजुरी माझी. जाता जाता चिमट्याचे बुश पण बघू, मागचं चाक धरून आडवं हलवलं तर टक टक लागत होतं, ते बदलले नाहीत तर कुठलेही शॉकअप टाका, वळणावर गाडी मागनं सापासारखी जाणार. त्या बुशचे पैसे मात्र लागतील, आधीच सांगतो.

तिसरा रस्ता तुम्ही रिव्ह्यूच्या शेवटी लिहिलाय, दुसरीकडं जाऊन पल्सरची फक्त स्प्रिंग काढून मऊ स्प्रिंग घालून घेणार म्हणून. घाला, गाडी तुमची. पण आतला तेलाचा भाग कडक स्प्रिंगला आवरायला बनवलाय. मऊ स्प्रिंग घातली तर ती त्या तेलाला ढकलून पटकन वर येऊ शकत नाही, पहिल्या खड्ड्यात दबली की वर यायच्या आत दुसरा, मग तिसरा, आणि गाडी दबून दबून शेवटी तळाला ठोकर. खानापूर रोडला स्पीडब्रेकर पाठोपाठ कसे टाकलेत माहीतच आहे.

आणि कुणीतरी खाली कमेंट टाकलीय की सरळ मोनोशॉक (दोनाऐवजी मधे एकच शॉकअप) मारून घे म्हणून. ते आम्ही करत नाही, फ्रेम कापून वेल्डिंग करायची आणि जोर एका जागेवर घ्यायचा जिथं कंपनीनं कधी धरलाच नव्हता. आरटीओचं लफडं वेगळंच.

स्टार बदला असं मी म्हणत नाही, गाडी नीट झाल्यावर तुमचं तुम्ही बघा. सोमवारी आमचं बंद असतं. मंगळवारी सकाळी दहाच्या आत आणा म्हणजे स्लीव्ह त्याच दिवशी लेथवरनं होऊन येईल, टाकी अर्धी भरलेली असू दे, आणि मागं जे कोण जास्त करून बसतात त्यांना जमलं तर घेऊन या, दोघं बसवूनच मोजतो यावेळी. इंडिकेटर मी आणून ठेवलाय.